रोटोकासची बारा अक्षरं

मराठी वर्णमालेचा तक्ता डोळ्यांपुढे आणावा. आडव्या ओळींत उच्चाराची जागा ठरलेली आहे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. उभ्या रांगांत उच्चाराची रीत ठरलेली आहे: पहिल्या रांगेत क, च, ट, त, प हे अघोष, तिसरीत ग, ज, ड, द, ब हे घोष, पाचवीत नाकातून येणारे ङ, ञ, ण, न, म. आता पेन्सिल घेऊन खोडायला लागायचं. दुसरी आणि चौथी रांग, म्हणजे ख-घ, थ-ध, फ-भ ही सगळी महाप्राण मंडळी, आधी जातील. मग अख्खा चवर्ग. टवर्ग आणि तवर्ग यांतला एकच ठेवायचा. य, ल, श, ष, स, ह, ळ यांचं काम नाही, तिसऱ्या रांगेतल्या ड आणि ब यांचंही नाही. आणि शेवटी पाचवी रांग वरपासून खालपर्यंत खोडायची. न नाही, म नाही, काहीच नाही. उरतात क, ट, प आणि त्यांच्या जोडीला ग, र, व. सहा व्यंजनं झाली. स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ.

पापुआ न्यू गिनी या देशात, बोगनव्हिल बेटाच्या डोंगराळ मध्यभागात सुमारे 4,000 माणसं रोटोकास नावाची भाषा बोलतात. तिच्या मध्यवर्ती बोलीला एवढे अकरा ध्वनी पुरतात. लिहायला रोमन लिपीतली बारा अक्षरं लागतात. अकरा ध्वनींना बारा अक्षरं कशी, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. त्याचं उत्तर पुढे येईल, आणि लिपी म्हणजे काय हे समजायला ते फार उपयोगी आहे.

बेटाचं नाव लुई आंत्वान द बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीवरून पडलं. 1768 मध्ये त्याचं जहाज या किनाऱ्याजवळून गेलं. राजकीयदृष्ट्या हे बेट पापुआ न्यू गिनीत असलं, तरी भूगोलानं ते सॉलोमन द्वीपमालेचा तुकडा आहे. मध्यभागी बाल्बी हा 2,715 मीटर उंचीचा ज्वालामुखी, भोवती घनदाट जंगल, पूर्व किनाऱ्यावर वाकुनाई हे छोटं ठाणं. किनाऱ्यालगतच्या हालिया, तोराउ या भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या, म्हणजे मलय, माओरी, हवाईयन यांच्या दूरच्या नातेवाईक. डोंगरातल्या भाषा मात्र वेगळ्या. त्यांना 'पापुअन' म्हणतात, पण हे काही एका कुळाचं नाव नाही. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरच्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन नाहीत, त्या सगळ्यांना सोयीसाठी दिलेलं हे एकत्र नाव आहे. एकट्या पापुआ न्यू गिनीत 800 हून अधिक भाषा बोलल्या जातात. बोगनव्हिलमध्येही उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पापुअन भाषा अशी दोन कुळं मानतात, आणि त्यांचं एकमेकांशी नातं अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. रोटोकास उत्तरेच्या कुळातली.

तिच्या ध्वनींचा पहिला नीट अभ्यास अर्विन आणि जॅकलिन फर्चो या दांपत्यानं केला. बायबलच्या भाषांतरासाठी जगभरच्या लहान भाषा शिकून त्यांना लिपी देणाऱ्या समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स या संस्थेचे ते कार्यकर्ते. 1969 मध्ये त्यांनी एक छोटा शोधनिबंध छापला आणि त्यात अकरा ध्वनींची ही यादी मांडली. जगातल्या भाषांचे ध्वनी मोजणाऱ्या अभ्यासकांना तेव्हापासून हे नाव तोंडपाठ आहे.

पण यादी करणं वाटतं तितकं सोपं नसतं. बाहेरच्या माणसाच्या कानाला रोटोकासमध्ये अकराच्या कितीतरी जास्त ध्वनी ऐकू येतात. ओठांवरचा घोष ध्वनी कधी व सारखा, कधी ब सारखा, प्रसंगी म सारखाही. जिभेच्या टोकाचा ध्वनी कधी र, कधी ल, कधी ड, कधी न. कंठातला कधी ग, कधी त्याचाच घासून येणारा सैल उच्चार, कधी ङ. कानानं ऐकलं ते सगळं लिहून काढलं असतं, तर यादी वीसच्या आसपास गेली असती. मग ती अकरावर कशी येते?

इथे भाषाशास्त्रातला एक साधा आणि अतिशय धारदार निकष लागतो. दोन ध्वनी कानाला वेगळे वाटणं पुरेसं नाही. एकाच्या जागी दुसरा ठेवला तर शब्दाचा अर्थ बदलतो का, हे पाहायचं. मराठीत 'काळा' आणि 'काला' हे दोन निराळे शब्द आहेत, म्हणून ळ आणि ल हे मराठीचे दोन वेगळे ध्वनी. रोटोकासच्या मध्यवर्ती बोलीत र च्या जागी ल किंवा ड म्हटलं तर ऐकणाऱ्याला तोच शब्द ऐकू येतो. फार तर उच्चार जरा निराळा वाटतो. म्हणून ते तिथे एकाच ध्वनीचे अवतार ठरतात. स्वरांचं तसं नाही. रोटोकासच्या कोशात कारी, किरी, केरी, कुरी, कोरी हे पाचही शब्द आहेत. चौकट तीच, फक्त पहिला स्वर बदलला आणि दर वेळी शब्द नवा झाला. इतका स्वच्छ संच मिळाला की पाच स्वर आहेत याबद्दल वादच उरत नाही. केनेथ पाइक या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं 1947 मध्ये बोलीला लिपीत उतरवण्याच्या तंत्रावर एक ग्रंथ लिहिला होता. फर्चो ज्या संस्थेचे, तिथल्या कार्यकर्त्यांच्या तालमी याच तंत्रावर होत.

फर्चोंच्या निबंधातलं एक निरीक्षण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं वाटतं. अनुनासिक उच्चार तिथे क्वचितच कानी पडत. ते हमखास ऐकू येत ते एकाच प्रसंगी: परका माणूस रोटोकास कसा बोलतो याची गावकरी नक्कल करत तेव्हा. मग तो परका प्रत्यक्षात नाकातून बोललेला असो वा नसो, नकलेत म आणि न हटकून येत. म्हणजे या माणसांना म आणि न म्हणता येत नव्हते असं मुळीच नाही. जिभेला नि नाकाला ते सहज जमत होते. पण स्वतःच्या भाषेत त्यांना वेगळं काम नव्हतं. म्हणून ते परक्याची खूण झाले. ध्वनी तोंडात तयार असतो आणि तरी भाषेत त्याला जागा नसते, हे याहून कमी शब्दांत दाखवता येणार नाही.

अनुनासिकांचा अभाव ही खरोखर दुर्मीळ गोष्ट आहे. जगातल्या शंभर भाषांत अशा दोन-तीनच सापडतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची क्विल्यूट ही त्यांतली एक. बाकी जवळजवळ सगळ्या भाषांत म किंवा न, निदान एक तरी, असतोच.

आता बाराव्या अक्षराकडे वळू. रोटोकासची अक्षरं रोमन लिपीच्या क्रमानं म्हणायची तर ए, ई, जी, आय, के, ओ, पी, आर, एस, टी, यू, व्ही. व्हीच्या जागी काही जण बीही लिहितात, आणि वर सांगितलेलं पाहता त्यात बिघडत काहीच नाही. यांतलं जास्तीचं अक्षर एस. रोटोकासमध्ये ट नंतर इ आला की ट चा स होतो. 'टि' असा उच्चार होतच नाही, 'सि' होतो. इतरत्र स येत नाही. म्हणजे अर्थाच्या निकषानं ट आणि स हा एकच ध्वनी, आणि कुठे कुठला उच्चार करायचा हे पुढचा स्वर ठरवतो. डोळा या अर्थाचा शब्द 'ओसिरेइ'. त्यात स आहे तो केवळ पुढे इ असल्यामुळे.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. म्हैस पण म्हशी. इथेही पुढे ई आला आणि स चा श झाला. 'चिंच' हा शब्द सावकाश म्हणून पाहिला तर पहिला च तालूवरचा आणि शेवटचा दातांजवळचा आहे हे जाणवतं. आणि 'चिंचेला' म्हटलं की तोही तालूकडे सरकतो. इ आणि ए उच्चारताना जीभ पुढे होऊन टाळूकडे उचललेली असते, आणि ती आधीच्या व्यंजनाला आपल्याकडे ओढून घेते. जपानीतही ता, ते, तो आहेत, पण त्यांच्या जोडीला ति नाही, चि आहे. माणसाच्या तोंडाची रचना सारखीच, म्हणून इतक्या लांबलांबच्या भाषांत एकच प्रकार घडतो.

फरक पडतो तो लिहिताना. म्हैस-म्हशी मध्ये आपण दोन अक्षरं वापरतो, आणि चिंचेच्या दोन उच्चारांसाठी एकच च चालवतो. 'जरा थांब' मधला ज आणि 'जराजर्जर' मधला ज उच्चारात वेगळे, अर्थातही वेगळे, तरी अक्षर तेच. म्हणजे मराठीत दोन ध्वनी एका अक्षरात राहतात, आणि रोटोकासमध्ये एक ध्वनी दोन अक्षरांत. फर्चोंनी एस का ठेवला असेल? शुद्ध तर्कानं ते अक्षर लागत नाही. ट लिहावा आणि इ पुढे असेल तर स वाचावा एवढा नियम पुरतो. पण लिपी घडवताना तर्काशिवाय इतर गोष्टीही पाहाव्या लागतात. विल्यम स्मॉली यांनी 1964 मध्ये लहान भाषांच्या लिपींबद्दल जे निकष मांडले, त्यांत एक असा होता की इथे शिकलेलं वाचन पुढे मोठ्या भाषेतही उपयोगी पडावं. रोटोकास मूल पुढे टोक पिसिन ही देशातली संपर्कभाषा आणि इंग्रजी वाचणार. त्या दोन्हींत स आणि ट हे स्वतंत्र ध्वनी आहेत. जास्तीचं एक अक्षर पदरात असलं तर त्या मुलाची वाट थोडी सोपी होते. मला हा निर्णय योग्य वाटतो.

भाषेच्या नावाचीही यात गंमत आहे. रोटोकासमध्ये प्रत्येक उच्चारी अक्षर, म्हणजे सिलॅबल, स्वरानं संपतं. व्यंजनावर थांबणारा शब्द नसतो. आणि 'रोटोकास' हे नाव मात्र स वर थांबतं, शिवाय त्या स पुढे इ नाही. भाषेचे दोन्ही नियम तिच्या रूढ नावानंच मोडले आहेत.

ट आणि स यांची ही वाटणी किती काटेकोर आहे हे ताडून पाहण्याची संधी एका अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळते. संगणकाला मानवी भाषा हाताळायला शिकवणारं एक प्रसिद्ध पाठ्यपुस्तक 2009 मध्ये निघालं. लेखक स्टीव्हन बर्ड, इवान क्लाइन आणि एडवर्ड लोपर. त्यात सरावासाठी रोटोकास कोशाचा एक भाग दिला आहे, क पासून सुरू होणाऱ्या शब्दांचा. कुठल्या व्यंजनापुढे कुठला स्वर किती वेळा येतो, हे मोजक्या ओळींच्या आज्ञेनं मोजायचं. उत्तर असं येतं: टा 47 वेळा, टे 8, टो 148, टु 37, आणि टि शून्य. सि 100 वेळा, सा शून्य, से शून्य, सो 2, सु 1. हा तक्ता नुसता पाहिला तरी नियम समोर उभा राहतो. सु असलेला एकुलता एक शब्द म्हणजे 'कासुआरी'. कॅसोवरी हा शहामृगासारखा न उडणारा मोठा पक्षी न्यू गिनीच्या मुख्य बेटाचा. शब्द बाहेरून आला आणि आपला उच्चार बरोबर घेऊन आला. जगभरचे हजारो विद्यार्थी आज संगणकासमोर बसून या बेटावरच्या कोशाशी खेळतात. अक्षरांवर टिंबं, शेपट्या, रेघा असं काहीच नसल्यामुळे ही भाषा कुठल्याही साध्या कळफलकावर जशीच्या तशी उमटते, ही सोयही त्यामागे असावी.

तो कोशही साधासुधा नाही. फर्चो दांपत्य आणि डेव्हिड अकोइताई या तिघांच्या नावानं 1973 मध्ये रोटोकास, पिजिन (म्हणजे टोक पिसिन) आणि इंग्रजी असा त्रिभाषी शब्दसंग्रह उकारुम्पा इथून प्रसिद्ध झाला. अशा कामांत स्थानिक जाणकाराचं नाव आभाराच्या ओळीत सरकवलं जाण्याची रीत होती. इथे ते लेखक म्हणून आलं, याचं मोल मोठं आहे.

इतक्या थोड्या ध्वनींत भाषा चालते कशी? हिशेब करून पाहू. सहा व्यंजनं गुणिले पाच स्वर म्हणजे 30 उच्चारी अक्षरं. नुसते पाच स्वर धरून 35. दोन अक्षरी शब्द 1,225 होऊ शकतात, तीन अक्षरी 42,875, चार अक्षरी पंधरा लाखांवर. म्हणजे शब्दांची टंचाई कधीच पडणार नाही. फक्त शब्द थोडे लांब होतील. लांब स्वर वेगळे आहेतच, आणि ते लिहिताना स्वराचं अक्षर दोनदा लिहायचं: कुत्रा 'काआकाउ', पाणी 'उउको'. व्याकरणातही हात आखडता घेतलेला नाही. पुल्लिंगी नामाला टो, स्त्रीलिंगी नामाला वा लागतो. म्हातारी ती 'आवुकावा'. एकवचन आणि अनेकवचन यांखेरीज द्विवचन आहे, आपल्याकडे संस्कृतात होतं तसं. दोन डोळे म्हणायचं तर 'ओसिरेइटोआरेइ'. क्रियापदाला तर एकामागून एक प्रत्यय जोडत जायचे: क्रिया चालू आहे का, कर्ता एक की दोन की अनेक, ती नेहमी घडणारी आहे का, हे सगळं एका शब्दाच्या पोटात मावतं. शिवाय क्रियापदांचे दोन वर्ग आहेत, आणि कर्त्याची खूण म्हणून लागणारे प्रत्यय वर्गानुसार बदलतात. या दोन वर्गांमागची कारणं शोधण्यात स्टुअर्ट रॉबिन्सन या संशोधकानं आपला 2011 चा प्रबंध खर्ची घातला.

म्हणून 'जगातली सर्वांत छोटी वर्णमाला' एवढ्या एका ओळीत रोटोकासची ओळख संपवणं मला अन्यायाचं वाटतं. ती ओळ खोटी नाही. इयन मॅडिसन यांनी 1984 मध्ये 317 भाषांच्या ध्वनींची पाहणी प्रसिद्ध केली, तीत 11 ध्वनींनिशी रोटोकास तळाला होती, ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मुरा भाषेच्या जोडीनं. वरच्या टोकाला आफ्रिकेतली एक भाषा 141 ध्वनींनिशी. पण या आकड्यांवरून साधी भाषा, साधी माणसं असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो त्याच देशात खोटा पडतो. पापुआ न्यू गिनीच्या आग्नेय टोकाला रोसेल नावाचं एक छोटं बेट आहे. तिथल्या येली भाषेतही बोलणारे थोडेच, पण ध्वनी सुमारे 90. ओठ आणि जिभेचं टोक एकाच वेळी मिटून केलेली व्यंजनं तिथे आहेत, जी दुसरीकडे जवळपास सापडत नाहीत. भाषेच्या ध्वनींची संख्या आणि ती बोलणाऱ्यांचं राहणीमान यांचा काहीही संबंध नाही.

खरा धक्का पुढे आहे, आणि तो रोटोकासच्या घरातूनच आला. 2006 मध्ये याच रॉबिन्सनने आइटा या रोटोकासच्या शेजारच्या बोलीचे ध्वनी प्रसिद्ध केले. तिथे अनुनासिक आहेत, आणि नकलेपुरते मुळीच नाहीत: ब च्या जागी म घातला तर शब्द बदलतो. प, ट, क ही एक ओळ, त्यांचे घोष जोडीदार ही दुसरी आणि म, न, ङ ही तिसरी. व्यंजनं नऊ.

मग मूळ भाषा कशी होती? मध्यवर्ती बोलीसारखी सहा व्यंजनांची, आणि आइटानं त्यांतून नवी घडवली? की आइटासारखी नऊ व्यंजनांची, आणि मध्यवर्ती बोलीनं तीन गमावली? दोन्ही बोलींतले समान शब्द शेजारी ठेवले की निवाडा होतो. मध्यवर्ती बोलीत जिथे एकच व आहे, तिथे आइटात काही शब्दांत ब आणि काही शब्दांत म येतो. आजूबाजूचे स्वर पाहून कुठे ब येईल आणि कुठे म, याचा कोणताही नियम सांगता येत नाही. आइटानं एकातून दोन केले असते, तर ते काही तरी निमित्तानं केले असते. ट चा स होण्यामागे इ आहे तसं काही तरी दिसलं असतं. निमित्त दिसत नाही, याचा अर्थ दोन ध्वनी आधीपासून होते. आइटानं ते जपले, मध्यवर्ती बोलीत ते एकमेकांत मिसळले.

मराठीत 'भाषा' मधला ष आणि 'आशा' मधला श आज बहुतेक जण एकसारखेच उच्चारतात. एकेकाळी ते दोन होते हे आपल्याला लेखनामुळे कळतं. रोटोकासजवळ हजार वर्षांचं लेखन नाही. तिथे ही साक्ष द्यायला शेजारच्या डोंगरावरची बोली शिल्लक होती, आणि ती ऐकायला कुणी तरी वेळेत गेलं. हे सहज घडलेलं नाही. पांगुना इथल्या तांब्याच्या खाणीवरून 1988 मध्ये बोगनव्हिलमध्ये सशस्त्र संघर्ष पेटला. नाकेबंदी झाली, औषधं तुटली, हजारो माणसं मेली, आणि दहा वर्षं बाहेरच्या माणसाला बेटावर पाय ठेवणं अवघड होतं. शांतता करार 2001 मध्ये झाला. आइटाची माहिती छापली गेली ती त्यानंतर.

संघर्षाआधी याच बेटानं एक मोठं काम सुरू केलं होतं. 1980 मध्ये इथे 'विलेस टोक प्लेस स्कुल' ही योजना निघाली. टोक पिसिनमधलं हे नाव. गावच्या बोलीत चालणारी गावची शाळा. आरंभ हालिया आणि बुइन या दोन भाषांतून झाला. मूल आधी घरच्या भाषेत वाचायला शिकेल, मग इंग्रजीकडे जाईल, हा विचार इथून देशभर गेला आणि 1990 च्या दशकात पापुआ न्यू गिनीच्या शिक्षणव्यवस्थेनं तो स्वीकारला. 2013 मध्ये सरकारनं पुन्हा पहिल्यापासून इंग्रजी आणली. 2019 च्या सार्वमतात बोगनव्हिलच्या सुमारे 98 टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं कौल दिला. उद्या शाळा कुठल्या भाषेत चालवायच्या हा निर्णय पूर्णपणे त्यांच्या हाती आला, तर रोटोकासपुरता एक प्रश्न लगेच उभा राहील. वाकुनाईच्या वरच्या गावांत मूल बारा अक्षरांत सगळं वाचू-लिहू शकेल. आइटाच्या मुलाला मात्र ती पुरणार नाहीत. त्याच्या बोलीत म आणि न यांनी अर्थ बदलतो, म्हणून त्याच्या पुस्तकात एम आणि एन ही अक्षरं घालावी लागतील, ङ साठी काही तरी खूण ठरवावी लागेल, आणि ब, ड कसे लिहायचे हे त्या गावांतल्या वडीलधाऱ्यांनी नि शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावं लागेल.